बैल म्हणजे घोडा नव्हे: नगरच्या तोफेपासून सुप्रीम कोर्टापर्यंत मंद स्नायूंची गोष्ट

आजच्या भागात एक तोफ आहे, एक कोर्टाचा निकाल आहे, आणि मधला बराच वेळ आपण बैलाच्या स्नायूंमध्ये डोकावणार आहोत. इयरफोन लावून चालत चालत ऐकत असाल तर उत्तमच. कारण ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती आत्ता, या क्षणी, तुमच्या पोटरीत काम करतेय.

सुरुवात तोफेपासून. १५४९ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात (आपण बोलताना नुसतं ‘नगर’च म्हणतो, मीही तेच म्हणेन), निजामशाहीसाठी एक अवाढव्य तोफ ओतली गेली. नाव मुलूखमैदान. वजन साधारण ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ च्या सुमारास मुरार जगदेवाने तिथून विजापूरला नेली. आजही ती विजापूरच्या बुरुजावर आहे. न्यायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली, असं सांगतात.

चारशे हा आकडा परंपरेने आलेला आहे, तेव्हा मोजायला कोणी एक्सेल शीट घेऊन उभं नव्हतं. पण मी इंजिनियर माणूस, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. चांगला कामाचा बैल ४०० ते ५०० किलोचा धरा. दिवसभर न थकता ओढायचं तर तो आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के जोर सतत लावू शकतो, म्हणजे ४५ किलोचा ओढा. चारशे बैलांचा मिळून १८ टन. कच्च्या वाटेवर ५५ टनांचा गाडा नुसता हलता ठेवायला त्याच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के जोर लागतो असं धरलं, तर ते होतात साडेपाच ते अकरा टन. उरलेलं चढ, चिखल आणि चारशे बैल एका तालात न चालण्यात जातं. म्हणजे दंतकथा असेल, पण गणितात बसणारी दंतकथा आहे.

आता प्रश्न असा, की बैलच का? घोडे तर होतेच. दख्खनच्या घोडदळाचं नाव सगळ्या हिंदुस्थानात होतं. पण तोफ, धान्य, दारूगोळा, हे सगळं बैलावर. १८०३ साली आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, नगरवर चालून आला. ८ ऑगस्टला त्याने पेठ घेतली, १२ ऑगस्टला शिंद्यांचा किल्ला त्याच्या ताब्यात आला. शाळेत आपण तारखा शिकतो. पण त्या काळातली वेलस्लीची पत्रं बैलांनी भरलेली आहेत: किती बैल, कुठून आणायचे, चारा कुठे, मेले किती. टिपूच्या पाडावानंतर कंपनीच्या हाती आलेल्या म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांचं त्याला प्रचंड कौतुक होतं. सैन्य दिवसाला किती मजल मारणार हे सेनापती नाही, बैल ठरवायचा. त्या वर्षी दख्खनात दुष्काळ पडत होता, चारा नव्हता, आणि बैल मेला की तोफ जागेवर. साधा हिशोब.

तर बैलाच्या अंगात असं काय आहे? उत्तर शोधायला आपल्याला युरोपात जावं लागेल, थोडा वेळच.

१६७८ मध्ये स्तेफानो लोरेंझिनी नावाच्या इटालियन माणसाने लिहून ठेवलं की सशाच्या अंगात काही स्नायू लाल असतात आणि काही पांढरट. एकाच प्राण्यात, एकमेकांच्या शेजारी. चिकन खाणाऱ्यांना हे माहीतच आहे, लेग पीस गडद आणि ब्रेस्ट फिकट. पण त्याचा अर्थ लागायला जवळपास दोनशे वर्षं गेली. १८७३ मध्ये लुई रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ससा आणि रे मासा घेतला, लाल आणि पांढरे स्नायू वेगळे केले आणि विजेचे झटके दिले. पांढरा स्नायू झटकन आकसला, झटकन सैल झाला. लाल स्नायू सावकाश आकसला आणि सावकाश सुटला. शिवाय थोड्याशाच झटक्यांवर तो सलग ताणलेला राहिला. तिथून ‘स्लो फायबर’ ही कल्पना सुरू होते. मराठीत आपण मंद तंतू म्हणू.

मंद म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण ‘मंद’ आपल्याकडे शिवीसारखं वापरतात. स्नायूच्या आत मायोसिन नावाचं प्रथिन असतं. ते इंधन जाळून शेजारच्या धाग्याला खेचतं, सोडतं, परत खेचतं. रस्सीखेचीतले हात समजा. जलद तंतूतले हात भराभर पकड बदलतात. मंद तंतूतले हात पकड घेतात आणि धरून ठेवतात. पकड बदलायला दर वेळी ऊर्जा लागते, त्यामुळे तेवढाच ताण धरून ठेवायला मंद तंतूला कितीतरी कमी खर्च येतो. त्यात त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, आत मायोग्लोबिन हा ऑक्सिजन साठवणारा लाल पदार्थ आणि भरपूर मायटोकाँड्रिया. म्हणून ऑक्सिजन मिळत असेल तोवर तो तासन्‌तास चालतो. चढावर तोफ मागे घसरू नये म्हणून जू मानेवर घेऊन उभ्या राहिलेल्या बैलाला हेच हवं असतं. तिथे वेगाचा काही उपयोग नाही.

आणखी एक गंमत. आपल्या मंद तंतूत जे मायोसिन असतं, तेच आपल्या हृदयाच्या मोठ्या कप्प्यांत असतं. एकच जनुक, दोन्हीकडे काम. जन्मभर न थांबणाऱ्या स्नायूला निसर्गाने जे प्रथिन दिलं तेच दिवसभर उभं राहणाऱ्या पोटरीलाही दिलं. पोटरीच्या आतल्या बाजूला सोलियस नावाचा चपटा स्नायू आहे, माणसात तो बहुतांश मंद तंतूंचाच असतो. अकोले तालुक्यात कळसूबाई चढताना, १६४६ मीटरवर पोहोचेपर्यंत, तोच राबतो. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नगरमार्गे पंढरीला जाते, त्यातले सत्तरीतले वारकरी रोज किती चालतात ते पाहा आणि जिममध्ये दहा मिनिटं ट्रेडमिलवर धावून लोळणाऱ्या आपल्याला पाहा.

मग बैल म्हणजे मंद तंतूंचा प्राणी, असं म्हणून भाग संपवता आला असता. पण तसं नाहीये. इथूनच गोष्ट अवघड होते.

बैलाच्या शरीरात पूर्ण मंद म्हणावा असा एक स्नायू नक्की आहे, पण तो पायात नाही, गालात आहे. मॅसेटर, जबडा चावणारा स्नायू. गायी-बैलांमध्ये हा जवळजवळ शंभर टक्के मंद तंतूंचा असतो. इतका, की प्रयोगशाळेत शुद्ध मंद मायोसिन हवं असेल तर शास्त्रज्ञ गुरांचा गाल वापरतात. कारण उघड आहे, दिवसातले सात-आठ तास रवंथ. उलट कुत्र्या-मांजरांच्या जबड्यात एक वेगळंच अतिजलद मायोसिन असतं, चावा एकदाच पण जोरात. म्हणजे गोठ्यात बैल आणि कुत्रा शेजारी बसलेत, दोघांचे जबडे हलतायत, आणि आतली यंत्रणा दोन टोकांची.

पण बैलाची पाठ आणि मांड्या? तिथे मंद आणि जलद दोन्ही तंतू मिसळलेले असतात. पाठीच्या लांब स्नायूत तर जलद तंतूच जास्त असतात. म्हणजे बैल पळू शकतो. गावात पोळ्याला सुटलेला बैल ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायची गरज नाही. पाठीमागे वाघ लागला असता तर त्याचे पूर्वज जगलेच नसते पळता आलं नसतं तर.

१९६५ मध्ये एलवुड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की मेंदू तंतूंना कामाला लावताना एक क्रम पाळतो. आधी लहान, मंद तंतूंचे गट. जोर वाढवायचा असेल तसे मोठे, जलद गट मागून येतात. म्हणजे बैल चालतोय, नांगर ओढतोय, मोट ओढतोय, तेव्हा पहिल्या पाळीला कायम मंद तंतू. (मोटेवरून आठवलं: विहिरीच्या काठाची जी उताराची वाट बैल उतरायचे तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. नाव धाव, आणि बैल चालतोय. भाषेलाही विनोद सुचतो.) जलद तंतू हे शेवटी बोलवायचे पाहुणे, आले की पटकन दमणारे.

तंतूचा स्वभाव जन्मजात ठरलेला असतो का? १९६० मध्ये बुलर आणि एक्लीस बाप-लेक, म्हणजे जॉन आणि त्यांची मुलगी रोझामंड, यांनी मांजरांवर एक अजब प्रयोग केला. मंद स्नायूकडे जाणारी नस आणि जलद स्नायूकडे जाणारी नस कापून त्यांची अदलाबदल केली. काही आठवड्यांत मंद स्नायू जलद व्हायला लागला, जलद स्नायू मंद. आमच्या भाषेत, हार्डवेअर वाटत होतं ते बरंचसं कॉन्फिगरेशन निघालं. पूर्ण नाही, बरंचसं. तेव्हा ‘हा प्राणी धावायला बनलाय, तो नाही’ हे वाक्य म्हणताना जरा थांबायला हवं.

आणि रंगावरूनही फसू नका. याचा मोठा पुरावा आपल्या शेजारी बडोद्यात मिळाला, गायकवाडांच्या बडोद्यात, मराठी माणसाला परकं नसलेल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज आणि त्यांचे सहकारी १९५०च्या दशकात कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करत होते. १९५८ मध्ये जॉर्ज आणि आर. एम. नाईक यांचं काम ‘नेचर’मध्ये छापून आलं. कबुतराच्या छातीत दोन प्रकारचे तंतू, बारीक लाल आणि जाड पांढरे. लालमध्ये चरबीचं इंधन, पांढऱ्यात ग्लायकोजेन. लांबच्या उड्डाणाला लाल तंतू चरबी जाळतात. पण कबुतराचे पंख काही सावकाश हलत नाहीत! हे लाल तंतू दमाचे असूनही जलद आहेत. म्हणजे लाल म्हणजे मंद, हे रांव्हिएच्या सशात खरं, कबुतरात नाही. दम आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका पट्टीवर मोजता येत नाहीत. जॉर्ज यांनी पुढे अँड्र्यू बर्गर यांच्यासोबत पक्ष्यांच्या स्नायूंवर लिहिलेलं पुस्तक १९६६ मध्ये आलं, आणि या विषयात ते आजही नावाजलेलं आहे. बडोद्याच्या प्रयोगशाळेतलं कबूतर. याच्यावर खरं तर वेगळा भाग करायला हवा.

बाकी प्राण्यांत फिरलं तर नमुने भरपूर आहेत. बांगडा कापताना कडेने जो गडद पट्टा दिसतो तो त्याचा मंद स्नायू. दिवसभर पोहणं त्याच्यावर, आणि मोठा मासा मागे लागला की बाकीचं सगळं फिकट मांस एकदम कामाला. पावसाळ्यात नर बेडूक मादीला तासन्‌तास मिठी मारून बसतो, त्याच्या हातांत तर आणखी वेगळेच मंद तंतू असतात. आपल्यासारखे ते एका झटक्यात आकसत नाहीत, नस जितकं सांगेल तितकंच हळूहळू आवळतात. तसे तंतू आपल्या अंगात फक्त डोळे फिरवणाऱ्या स्नायूंसारख्या मोजक्या जागी उरलेत. आणि घोडा? तोही एकसारखा नाही. रेसकोर्सवरच्या थरोब्रेडच्या पुठ्ठ्यात मंद तंतू कमी, अरबी घोड्यात जास्त. लांब पल्ल्याच्या शर्यती अरबी घोडा मारतो तो काही योगायोग नाही.

आता कोर्टात येऊ.

७ मे २०१४. सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि घोष यांच्या त्या निकालात बैलाच्या शरीराचं वर्णन आहे. आशय असा: पोट आणि छाती मोठी, अंग पिंपासारखं, सांधे वाकण्याला मर्यादा, म्हणून बैल घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला नाही. आणि त्याचबरोबर दुसरं म्हणणं: बैल हा भक्ष्य प्राणी आहे, घाबरला की पळतो. शर्यतीत तो पळतो ते भीतीने.

नगर जिल्ह्यात, पारनेर-संगमनेरकडे, आणि शेजारी जुन्नर-आंबेगाव-खेडकडे हा निकाल घराघरात पोहोचला. जत्रा सुन्या झाल्या. खिलार सांभाळणारे विचारायला लागले की शर्यत नाही तर ट्रॅक्टरच्या जमान्यात हा बैल पोसायचा कशासाठी. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तो मुंबई हायकोर्टात अडकला, तिथेही बैल विरुद्ध घोडा हीच तुलना. मग राज्य सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांची समिती नेमली आणि बैल धावू शकतो असा अहवाल कोर्टापुढे ठेवला. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने नियमांच्या अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या दिवशी किती गावांत गुलाल उधळला असेल, तुम्हीच अंदाज करा.

माझं मत विचाराल तर स्नायूंच्या बाबतीत दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या. बैल धावू शकतो का? शकतो. घोड्यासारखा? नाही, पण कुठलाच प्राणी दुसऱ्यासारखा धावत नाही, खुद्द अरबी घोडा थरोब्रेडसारखा धावत नाही. ‘धावू शकतो’ एवढ्याने शर्यत योग्य ठरत नाही, तसंच ‘धावण्यासाठी घडलेला नाही’ एवढ्याने ती क्रूर ठरत नाही. माणूसही पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढण्यासाठी घडलेला नाही, तरी मार्केट यार्डात रोज चढतो.

घाटातली एक बारी डोळ्यासमोर आणा. जुन्नर-पारनेरकडे पळायच्या वाटेलाच घाट म्हणतात आणि एका पळाला बारी. बैलांच्या दोन जोड्या जुंपलेल्या, पुढे घोडीवर स्वार, भंडारा उधळलेला, लाऊडस्पीकरवर समालोचन, आणि निकाल सेकंदावर. काही सेकंदांचा खेळ. त्या सेकंदांत बैलाचे मंद तंतू तर असतातच, पण खेळ असतो तो शेवटी बोलवलेल्या जलद तंतूंचा. चारशे वर्षांपूर्वी मुलूखमैदान ओढताना ज्याच्या ताकदीवर सगळं चाललं, तो स्नायू इथे जवळपास प्रेक्षक असतो. त्यामुळे ‘ही आमच्या शेतीच्या बैलाचीच परंपरा’ हे म्हणणं मला भावनिकदृष्ट्या पटतं, शरीरशास्त्राच्या दृष्टीने अर्धंच पटतं. नांगराचा बैल आणि घाटातला बैल एकच असला तरी कामं दोन वेगळ्या यंत्रांची आहेत.

२०१४ च्या निकालातलं दुसरं म्हणणं मात्र मला सोडत नाही. तो का पळतो? स्नायूचा तंतू याचं उत्तर देत नाही. नस सांगते तसं तो आकसतो, आणि नसेला भीतीने चेतवलं की सरावाने, हे त्याला कळत नाही. बैलाच्या कानापाशी किती कल्लोळ आहे, शेपूट पिरगळली का, खिळा टोचला का, हे घाटात उभ्या असलेल्या माणसांनाच दिसतं. नव्या नियमांत चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे, पळायचं अंतर जास्तीत जास्त १००० मीटर ठरवलंय, बैल तपासायला पशुवैद्यक लागतो. हे चांगलंच आहे. पण पळण्याआधीची तपासणी आणि पळाल्यानंतरची तपासणी यात फरक आहे.

घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत दर टप्प्याला घोडा थांबवतात. ठरलेल्या वेळात त्याचे ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावे लागतात. नाही आले तर घोडा बाद, मालक कोणी का असेना. बैलाचे विश्रांतीतले ठोके साधारण ४० ते ८० च्या दरम्यान असतात. बारी संपल्यावर दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी ते किती उतरले हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. डाव्या कोपराच्या मागे छातीला स्टेथोस्कोप लावायचा आणि मोबाईलवर एक मिनिट लावायचा. पारनेरच्या एखाद्या यात्रा कमिटीने पुढच्या हंगामात ‘बैलाचे ठोके उतरल्याशिवाय दुसरी बारी नाही’ असा बोर्ड घाटात लावला, तर त्याला कुठल्या कोर्टाची परवानगी लागणार नाही.